उभ्या झाडांचा पंचनामा

मे संपायला आला की आमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात, घरं शाकारली जातात आणि तहसील कार्यालयात नियंत्रण कक्षाच्या ड्यूट्या लागतात. पहिली दोन कामं लहानपणापासून बघितली, तिसरं नोकरीत भोगलं. तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात मात्र मी अजून तलाठीबाईच, आणि वाऱ्यानं कुणाच्या पडवीचा पत्रा उडाला की पहिला फोन मला येतो. "बाई, पंचनामा होईल का?"

होईल की. त्यात आमच्या खात्याचा हात धरणारं कुणी नाही. घर पडलं तर कोणत्या रकान्यात, गोठा पडला तर कोणत्या, दुभती गाय गेली तर किती आणि शेळी गेली तर किती, सगळं ठरलेलं आहे. पडझड पंधरा टक्क्यांच्या वर की आत, हे उंबऱ्यात उभं राहून सांगता येतं. मला आज बोलायचंय ते त्याच्या आधीच्या भागाबद्दल. घर पडू नये, बांध फुटू नये, डोंगर अंगावर येऊ नये यासाठी सरकारकडे पैसे आहेत का? आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. ते आपल्या गावापर्यंत का पोचत नाहीत, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी नोकरीत होते. कोणत्या तालुक्यात, ते राहू दे. इशारा वेळेवर मिळाला होता. वादळ कुठं येणार हे हवामान खात्यानं बरोबर सांगितलं आणि आम्ही आदल्या दिवशीच पाण्यालगतची कुटुंबं हलवली. हलवायची कुठं? जिल्हा परिषदेच्या शाळेत. आणि शाळेत तेव्हा मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात बसलेले. एका वर्गात कोरोनावाले, शेजारच्या वर्गात वादळवाले, मध्ये एक भिंत आणि संडास दोघांना मिळून एक. तरी माणसं वाचली. नारळी-सुपारीच्या वाड्या गेल्या.

नारळ पडतो तो मुळासकट. एक खड्डा, एक झाड, मोजायला सोपं. सुपारी मधेच मोडते. शेंडा एकीकडे, खोड दुसरीकडे, त्यावर जायफळाची फांदी, त्यावर मिरीचा वेल, आणि सगळ्याच्या खाली कुठंतरी विहिरीचा रहाट. वाडीत शिरायला कोयता लागत होता. शेंडे मोजले तर तेच झाड दोनदा मोजलं जाई, म्हणून आम्ही बुंधे मोजायचो आणि मोजलेल्या बुंध्याला चुन्याचं बोट लावायचो. सर आली की चुना जायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

एका वाडीत एक काकी सकाळपासून आमच्या मागोमाग होत्या. मोजणी आटपली तसं त्यांनी विहिरीपलीकडच्या उभ्या राहिलेल्या सुपाऱ्या दाखवल्या. "अगो, ही पण लिही."

"काकी, ही उभी आहेत."

"नुसती उभी आहेत हो. सावली गेली त्यांची. पाऊस सरून ऊन तापलं की खोडं करपतील. तेव्हा तुझ्याकडे आले तर तू म्हणशील, वादळ कधीच गेलं."

बरोबर होतं त्यांचं. सुपारीला दाटीची, सावलीची सवय. उघड्यावर पडली की पश्चिमेचं ऊन खोडाला भाजतं, तिथं चीर जाते आणि पुढचा वारा तिथंच मोडतो. पण माझ्या तक्त्यात उभ्या झाडाला रकाना नव्हता. मी तक्ता काकींना दाखवला. त्यांनी तो चष्मा न लावताच परत केला.

मग मदतीचा दर. केंद्राच्या निकषात बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये होते, राज्यानं ते ५०,००० केले. पेपरात वाचायला बरं वाटलं. पण किनाऱ्याच्या गावात हेक्टरभर वाडी आहे कुणाकडे? आमच्याकडे सगळा हिशेब गुंठ्यांचा. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला पाचशे. ओरड झाली तेव्हा झाडामागं दर ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५०. सुपारी लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं घेते. त्यात सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. निम्मी डोंबिवली-विरारला, दोघं वारलेले, एक भावाशी बोलत नाही. पैसे एकाच्या खात्यावर टाकायचे तर बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत. दहा गुंठ्यांच्या मदतीसाठी स्टँपपेपर, झेरॉक्स आणि तालुक्याच्या गाडीभाड्याचा खर्च मी लोकांना बोटांवर मोजून दाखवलाय. तरीही मदत नको असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या महिन्यात सिमेंटचे पत्रे मिळेनासे झाले आणि गावंच्या गावं अंधारात होती, त्या महिन्यात आलेला रुपया मोलाचा होता.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पुन्हा तोच तक्ता, तेच दर.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात पहिल्यापासून दोन खिसे शिवलेले आहेत. एक आपत्ती आल्यावर खर्च करायचा, प्रतिसाद निधी. दुसरा आपत्तीची झळ कमी बसावी म्हणून आधीच खर्च करायचा, सौम्यीकरण निधी. पहिल्या खिशात पहिल्यापासून पैसे येत राहिले. दुसरा देशपातळीवर प्रत्यक्षात आला तो २०२१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी ठेवले आणि त्याचे दोन वाटे केले: ८० टक्के पडल्यावर, २० टक्के पडू नये म्हणून. आपल्यासारख्या राज्यात यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. त्याखेरीज राष्ट्रीय निधीतून किनारे आणि नदीकाठ यांची धूप थांबवायला १,५०० कोटी वेगळे. वीस टक्के हा आकडा लहान वाटतो, पण तो बत्तीस हजार कोटींच्या घरात जातो.

आता फरक बघा. पहिल्या खिशाला पाय आहेत. वादळ गेलं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघं मिळून तुमच्या दारात येतात. नमुना तयार, मुदत ठरलेली, मागून आमदार, त्यांच्या मागून कॅमेरे. दुसऱ्या खिशातून कुणी चालत दारात येत नाही. तिथं प्रस्ताव लागतो. धोका कसला, घरं किती, आधी कधी काय झालं, खर्च किती, त्यानं वाचणार काय. हे कुणी लिहायचं? एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला "बाई, बांध अजून फुटला नाही, पण येऊन बघून जा" असा फोन एकदाही आला नाही.

मोजमापाचंही तेच. मंडळात, म्हणजे काही गावांच्या महसुली गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, मग पंचनामे. मराठवाड्यात ठीक असेल. आमच्याकडे ६५ मिलिमीटर म्हणजे जुलैतली एक दुपार. शिवाय पर्जन्यमापक मंडळाच्या गावात आणि माणसांची वाडी डोंगराच्या पोटात; खाली रिमझिम असते तेव्हा वर आभाळ फाटलेलं असतं. डोंगर सुटतो तो वरच्या पावसानं. खालचा आकडा बघून वरच्या वाडीला उठवायचं की नाही हे ठरवणं, हे काम मी केलंय, आणि त्या रात्री झोप लागत नाही.

नोटिशींचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात. दरवर्षी पावसाच्या तोंडावर दरडप्रवण यादीतल्या घरांना नोटीस जाते: आपले घर धोकादायक ठिकाणी असून आपण सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्त हानीस आपण जबाबदार राहाल. तलाठ्यानं ती द्यायची, सही घ्यायची, सही दिली नाही तर दाराला चिकटवून फोटो काढायचा. मी अशा नोटिसा वाटत डोंगर चढलेय. एका घरात गेल्या वर्षीची नोटीस मांडणीवर डब्यांच्या खाली अंथरली होती. म्हातारा म्हणाला, "सही करतो. पण जायचं कुठं तेवढं त्यात लिवलं नाय." तो गुरं सोडून जाणार नव्हता, आणि शाळेत गुरांना जागा नसते. सुरक्षित स्थळ कुठलं, तिथं चूल कुठं पेटवायची, गुरं कुणी बघायची, परत कधी यायचं हे नसेल तर त्या कागदानं घर वाचत नाही, फाईल तेवढी वाचते.

बरं, यादी तरी पुरी आहे का? २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गेलं आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच महाड तालुक्यात २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या होत्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, ती तर यादीतच नव्हती. नंतर सिडकोनं तिथल्या लोकांना चौक गावाजवळ ४४ घरं बांधली. चांगली घरं आहेत. तशीच ती आधी मिळती तर, हे वाक्य मला पुरं करवत नाही.

तरी सरकार काहीच करत नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. जागतिक बँकेच्या मदतीच्या चक्रीवादळ प्रकल्पात महाराष्ट्र होता. त्यातून अलिबागला विजेच्या तारा जमिनीखाली घ्यायचं काम झालं. निसर्गनंतर ज्यांनी अंधारात आठवडेच्या आठवडे काढले त्यांना त्याची किंमत कळेल. पाचही किनारी जिल्ह्यांसाठी कोकण आपत्ती सौम्यीकरण कार्यक्रम आहे. निवारा केंद्रं, धूपप्रतिबंधक बंधारे, वीज अटकाव यंत्रणा, दरडींची कामं असं सगळं त्यात बसतं. बंधाऱ्यांबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. दगडी बंधारा दिसतो, त्याला फीत कापता येते, म्हणून तो सगळ्यांना हवा असतो. पण जिथं तो संपतो तिथून पुढं समुद्र दुप्पट जोरानं किनारा खातो, आणि तो किनारा शेजारच्या गावाचा असतो. मग शेजारचं गाव बंधारा मागतं. सुरूची रांग आणि खाडीतलं कांदळवन यांच्या उद्घाटनाला कुणी येत नाही.

चिपळूणचं उदाहरण वेगळं आहे आणि मला फार शिकवून गेलं. २००५ चा पूर झाला, २२ जुलै २०२१ ला त्याहून मोठा आला. वाशिष्ठी आणि शिवनदी, वरून कोसळणारा पाऊस, कोयनेच्या वीजघरांतून उतरणारं पाणी आणि खालून भरती, सगळं एका वेळी. मदत वाटून झाली. नेहमीप्रमाणे तिथं संपलं असतं. पण डिसेंबरात तिथले लोक नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी नदीत पोकलेन उतरले. यात दुकानदार होते, डॉक्टर होते, निवृत्त माणसं होती. त्यांनी नुकसानभरपाई वाढवून मागितली नाही, पात्र मोकळं करून मागितलं. मागणीच वेगळी होती.

वाशिष्ठीचं तेच पाणी पुढं दाभोळच्या खाडीत येतं आणि खाडीच्या एका फाट्यावर माझं माहेर आहे. निवृत्तीनंतर मी इथंच राहते. गावाचं खार आहे, म्हणजे खाडी अडवून केलेली भातजमीन. तिच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: उघाडी म्हणजे बांधातलं दगडी मोरीसारखं तोंड आणि त्याला बाहेरच्या अंगानं लाकडी झडपा. ओहोटी लागली की शेतातल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्यानं झडप उघडते, भरती आली की खाडीच्या रेट्यानं मिटते. माणूस लागत नाही, मोटार लागत नाही. फक्त झडप नीट मिटली पाहिजे. आमच्या एका झडपेचं खालचं लाकूड किड्यानं खाऊन चाळण झालंय आणि बिजागरीशी कालवं धरलीत. भरतीच्या वेळी तिथं बसलं की आतल्या बाजूला पाणी बुडबुडताना दिसतं. त्या बाजूच्या दोन-तीन कुणग्यांत, म्हणजे खाचरांत, भाताऐवजी आता मुचूल, खाऱ्या जमिनीतलं रान, उगवलंय. बांधाला मोठी खांड गेली तर सगळं खार खारटेल, आणि एकदा खारं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही.

पूर्वी हा बांध गावकी सांभाळायची. घरटी एक माणूस, होळीनंतरचे दिवस, चिखलाची ढेकळं हातोहात. मग सरकारच्या खारभूमी योजना आल्या, माणसं मुंबईला गेली, आणि आमचा बांध सरकारी की खाजगी यावर दोन पिढ्या बोलणी चालू आहेत. एका कार्यालयात विचारलं तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

म्हणून गेल्या थंडीत आम्ही उलटा पंचनामा केला. कल्पना माझी, अक्षर माझं, पाय पोरांचे. माझ्या जुन्या तक्त्याचेच रकाने घेतले आणि 'काय पडले' च्या जागी 'काय पडू शकते आणि पडले तर कोणाचे' असं लिहिलं. उधाणाच्या दिवशी बांबूला खुणा करून बांधावर फिरलो. पाणी माथ्यापासून कुठं हातभर खाली आहे आणि कुठं वीतभर, ते लिहून काढलं. त्या बांधामागं कोणाचं किती क्षेत्र ते सातबाऱ्यावरून काढलं, ते काम मला झोपेतही येतं. वरच्या वाडीत गेलो. तिथं डोक्यावर एक सोडून दिलेली चिरेखाण आहे, पावसात तळ्यासारखी भरते. तिची खोली मोजली, खालची घरं मोजली, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे ते लिहिलं. गावात एक आपदा मित्र आहे, बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला, लाइफ जॅकेट, टॉर्च असलेला, हुशार मुलगा. तो लोट्याला कंपनीत शिफ्टला असतो. रात्रपाळी असेल तर आपदेला मित्र नाही, म्हणून त्यानं दोघांना शिकवावं असं ठरलं. शाळेच्या गच्चीवर साधा पर्जन्यमापक ठेवला, आणि एक वरच्या वाडीत. वाडीतला आकडा रात्री शंभर ओलांडू लागला की देवळाचा भोंगा आणि सगळी खालच्या समाजमंदिरात. गुरांसाठी समाजमंदिरामागचा मांगर मोकळा करून घेतलाय. त्यावरून भांडणं झाली, तो वेगळा लेख होईल.

ग्रामसभेत विषय मांडला तेव्हा मागून एकजण बोलला, "एवढा खटाटोप कशाला, फुटला तर भरपाई मिळतेच की." सरपंच वहिनी एरवी सभेत फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गुंठ्याला किती मिळते ते तलाठीबाईंना विचारा." मी आकडा सांगितला. ठराव झाला.

प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावासह वर गेला. काही दिवसांनी शेरा मारून परत आला: 'प्रस्तावासोबत नुकसानीचा पंचनामा जोडलेला नाही.' वहिनींना राग आला, मला हसू आलं, कारण तो शेरा लिहिणाऱ्याला मी ओळखत नसले तरी त्याच्या टेबलावरचा तक्ता ओळखते. उत्तरात मी आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम २ मधली सौम्यीकरणाची व्याख्या उतरवून दिली आणि कलम ४८ दाखवलं; त्यात राज्याबरोबर जिल्ह्याचाही सौम्यीकरण निधी लिहिलेला आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणून एक प्रत थेट तिकडे. सोबत बांबूच्या खुणांचे फोटो, तारीख आणि भरतीच्या वेळेसह. झडपेचा वेगळा फोटो, बुडबुड्यांचा. आणि खर्चाच्या शेजारी दुसरी ओळ: बांध फुटल्यास याच क्षेत्राला सरकारी दरानं द्यावी लागणारी मदत, गुणिले नापिकीची वर्षं. कारकुनाला बेरीज आवडते, ती तयारच करून द्यावी.

फाईल सध्या जिल्ह्याला आहे. झडपा मात्र थांबणार नव्हत्या. वर्गणी काढली, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळानं निम्मा भार उचलला, आणि शेजारगावच्या सुतारानं जुनी झडप मापाला नेली. नवीन झडपा जूनच्या पहिल्या उधाणाआधी बसतील. बांधाचा माथा उंच करायचं काम वर्गणीतलं नाही, त्याला वरचेच पैसे लागतील; त्यासाठी सोमवारी मी आणि वहिनी रत्नागिरीला चाललोय, सकाळच्या एसटीनं.